हळूवाले तात्या

संपततात्या माणसाचं तोंड कधी बघायचे नाहीत, पाय बघायचे. जहाजात माणसं बसली, लोखंडी दांडी मांडीवर आली, की तात्या खालच्या फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मान खाली घालून चालत जायचे. नवख्याला वाटायचं, म्हातारा पडलेलं काहीतरी शोधतोय. तात्या बोटं तपासत असायचे. आमच्या जहाजात चपला काढून बसावं लागतं, कारण वर गेलेली चप्पल कुणाच्या डोक्यात उतरेल याचा नेम नसतो. त्यामुळं सगळ्यांचे पाय उघडे. "मंगल, तोंडाचं काय खरं नसतंय बघ," तात्या मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "तोंड कुठंबी हसतंय. पायाची बोटं आखडली म्हंजी गडी भ्यालाय."

पहिल्याच दिवशी म्हणजे मी तिकीट खिडकीत नोकरीला लागले त्या दिवशी. बारामतीहून इंदापूरकडं जाताना रस्त्याला लागूनच आमचं पार्क आहे. नाव सांगत नाही, कारण मालक अजून पगार देतात. मालकांची जमीन रस्त्यात गेली, तिचे पैसे आले, आणि असे पैसे आले की आमच्याकडं माणूस एकतर मंगल कार्यालय काढतो नाहीतर निवडणूक लढवतो. आमचे मालक पडले कलाकार. त्यांनी पार्क काढलं. पाण्याची घसरगुंडी, गोल फिरणारे कप, पोरांची आगगाडी, आणि मधोमध ते झुलणारं जहाज. जहाजाचं नाव 'प्रलय'. त्याच्या पोटावर लाल रंगात लिहिलेलं, 'काळीज घरी ठेवून या'. लोक काळीज बरोबर घेऊन यायचे आणि मग ते तोंडात यायचं.

या जहाजाला खाली एक मोठा टायर असतो. जहाज झोक्यानं खाली आलं की टायर वर उचलायचा, तो जहाजाच्या पोटाला घासतो आणि जहाजाला पुढं रेटतो. टायर किती वेळ घासायचा हे दांडा धरणाऱ्याच्या हातात. जास्त घासला तर जहाज उभंच्या उभं वर जातं आणि आतल्या माणसाला आपले सगळे देव आठवतात. कमी घासला तर बागेतला झोका. तो दांडा तात्यांच्या हातात होता, आणि तात्यांसारखा भित्रा माणूस बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांत धरून सापडला नसता. मालकांना माणसांची पारख आहे ती अशी.

तात्या भित्रे होते हे मी पाठीमागं बोलत नाही. ते स्वतःच सांगायचे, न विचारता सांगायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगायचे. पालीला भ्यायचे, सुईला भ्यायचे, लिफ्टला भ्यायचे, बैलाला भ्यायचे. शेतकऱ्याच्या घरात जन्मून बैलाला भिणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत. शेजारच्या कोंबड्यामुळं ते घराला वळसा घालून मागच्या दारानं निघायचे. कारखान्यावर हंगामी काम मिळालं होतं, ते सोडलं, कारण तिथं शिडी चढावी लागायची. "जमिनीवर उभं ऱ्हाऊन दुसऱ्याला वर पाठवायचं, ह्ये काम मला जमतंय," असं ते म्हणायचे. मी म्हटलं, "तात्या, मग तुम्ही राजकारणातच जायला हवं होतं." त्यावर म्हणाले, "गेलो असतो की. सभेचं भ्या वाटतंय."

म्हणून कुणी त्यांना गरीब गाय समजू नये. भित्रा माणूस भांडखोर नसतो असं ज्याला वाटतं, त्यानं तात्यांना चहा थंड देऊन बघायला हवा होता. टोपी सरळ करायचे आणि अशी शेलकी ऐकवायचे की कँटीनवाला आतून कडी लावून घ्यायचा.

आता आमच्याकडचे बाकीचे पुरुष. या दोन तालुक्यांत भ्यालेला गडी अजून जन्माला यायचाय. मी इतकी वर्षं खिडकीतून बघते आहे, जहाजातून उतरल्यावर लिंबाच्या बुंध्याला मिठी मारून ओकणाराही म्हणतो, "सकाळचा वडापाव बाधला." फाटकासमोरच्या वडापावच्या गाडीवाल्याची आमच्या जहाजानं जेवढी बदनामी केली तेवढी त्याच्या तेलानंही केली नसेल. मिशीला पीळ देऊन चढायचं आणि बायकोचा खांदा धरून उतरायचं. वर विचारायचं, "एवढंच होय?" तात्यांना याचा भारी राग. ते म्हणायचे, "भ्या वाटतंय तर वाटतंय म्हणावं. भ्यायला काय परवाना लागतोय व्हय?"

म्हणून तात्या गुपचूप एक उद्योग करायचे. बोटं आखडलेली जास्त दिसली की टायर कमी घासायचे. जहाज हळू झुलायचं. उतरणाऱ्याला वाटायचं, आपण प्रलय पचवला. तो छाती काढून निघून जायचा. तात्या माझ्याकडं बघून डोळा मारायचे. याला ते 'हळू' म्हणायचे. "आत्ताची हळू दिली," एवढंच सांगायचे.

हे बिंग फुटलं ते जोडव्यांमुळं. इंदापूरकडचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं, बरोबर सासूबाई. नवरी जहाजात बसली. तात्यांनी पाय बघितले तर दहाच्या दहा बोटं आत वळलेली. तात्यांचं मन द्रवलं आणि त्यांनी असली हळू दिली, असली हळू दिली की वाऱ्यानं टोपीसुद्धा हलली नाही. नवरी उतरली ती थेट माझ्या खिडकीवर. "ह्यो काय परलय हाय व्हय? आमच्या उसाच्या ट्रॉलीत यापरीस जास्त हेलकावं बसत्यात! तिकीट परत द्या." तात्या धावत आले. म्हणाले, "बाई, तुझी बोटं आखडलीती, म्हणून म्या हळू घेतलं." नवरी म्हणाली, "बोटं भ्यानं न्हाय आखडली, जोडवी घट्ट हायत! आत्याबाईंच्या मापाची घातल्यात!" आत्याबाई म्हणजे सासूबाई, आणि त्या तिच्या मागंच उभ्या होत्या. जहाजात यायचा राहिलेला प्रलय मग माझ्या खिडकीसमोर आला.

आरडाओरडा ऐकून मालक आले. त्यांना सगळं कळलं. मालकांनी गॉगल काढला, म्हणजे प्रसंग गंभीर. म्हणाले, "तात्या, लोक थराराचे पैसे देतात. तुम्ही झोका विकताय. इथून पुढं एकच फेरी, फुल. नसेल जमत तर बटणाचं मशीन आणतो. त्याला दांडाही लागत नाही आणि तात्याही लागत नाही."

कोणीही दुसरा असता तर "चुकलं मालक" म्हणून मोकळा झाला असता. तात्यांनी टोपी सरळ केली. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. तात्या म्हणाले, "मालक, जहाजाखाली चपला कोण सांभाळतंय, कधी बघितलंय का?"

मालकांनी कशाला बघितलं असेल? पण मी रोज बघत होते आणि तरी मला दिसलं नव्हतं. बायकांचा कुठलाही घोळका आला की त्यातली एक जण बाजूला होते. बाकीच्या चपला काढून जहाजात चढतात आणि ती म्हणते, "तुमी बसा गं, मी चपला सांभाळते." मग ती त्या चपलांच्या ढिगाजवळ फतकल मारून बसते आणि वर बघत हसत राहते. आमच्या पार्कात आजपर्यंत एक चप्पल चोरीला गेली नाही. चोरण्यासारखी कुणाची नसतेच. ती राखण करत नसते, भ्यालेली असते. तिला बसायचं असतं.

"आमची पारू आलीवती," तात्या मालकांना म्हणाले. पारू म्हणजे त्यांची बायको, आमच्या पारूकाकू. तात्यांच्या गावच्या, म्हणजे कोऱ्हाळ्याच्या बचत गटाच्या बाया सहलीला आल्या होत्या, त्यांच्यात काकू होत्या. नवऱ्याच्या हातात दांडा, तरी काकू रांगेतून मागं फिरल्या आणि चपलांजवळ बसल्या. "म्या म्हणलं, अगं मी हळू देतो. तर म्हणती, बाकीच्या बाया म्हणतील नवऱ्यानं लाड केला. मालक, तिनं आक्ख्या जल्मात सगळ्यांच्या चपलाच सांभाळल्यात. हळूची येगळी फेरी काढा. सरळ पाटी लावून. ती बसंपातुर म्या ह्यो दांडा सोडत न्हाय."

मालकांना वाईट माणूस म्हणता येणार नाही, त्यांना फक्त हिशेबापलीकडचं लवकर समजत नाही. ते म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू. वेगळी फेरी लावतो. चालली तर चालली, नाहीतर बटण." आणि हसले. त्यांना माहीत होतं, चालणार नाही.

पाटी लागली. तात्या म्हणत होते 'हळू' लिहा, पण मालकांना ते गावंढळ वाटलं. त्यांनी लिहिलं, 'सौम्य फेरी'. आता सौम्य हा शब्द आमच्याकडं फक्त सर्दीच्या औषधावर असतो. पाटी वाचून लोक थांबायचे, इकडंतिकडं बघायचे आणि पुढं जायचे. एक जण खिडकीत वाकून म्हणाला, "ते सौम्य म्हंजी आजाऱ्यांसाठी काय?" दुसरा म्हणाला, "एक सौम्य द्या, माझ्यासाठी नाही, पाहुण्यांसाठी." मागं बघितलं तर पाहुणे त्याच्यासाठी सौम्य मागायला दुसऱ्या खिडकीवर उभे. एका आईनं हौसेनं तिकीट काढलं, तर तिचा मिसरूड फुटलेला लेक म्हणाला, "आई, कॉलेजातलं कोणी बघितलं म्हणजे?" आणि तिला ओढत कपांकडं घेऊन गेला. सौम्य फेरीची वेळ झाली की तात्या रिकामं जहाज हलवायचे. नुसतं लोखंड किरकिरायचं. बायका चपलांजवळ बसून त्या रिकाम्या जहाजाकडं बघायच्या, पण उठायच्या नाहीत.

मला तात्यांची कीव यायची आणि रागही यायचा. मी म्हटलं, "तात्या, कशाला हट्ट? द्या की फुल. तुम्हाला थोडंच बसायचंय?" ते चिडले. "आगं, ज्याला भ्या वाटत न्हाय त्याला आक्खं जग हाय. भ्यालेल्यानं कुठं जायाचं? त्येनं काय चपलांपाशीच मरायचं?" मी खिडकीत परतले आणि मोजलेलेच सुटे पैसे पुन्हा मोजायला लागले.

दिवाळी जवळ आली आणि मालकांनी जहाजाला नवा रंग दिला. आमच्याकडं रंगालाही उद्घाटन लागतं. उद्घाटनाला एका पतसंस्थेचे चेअरमन बोलावले. आमच्या भागात माणूस चाळिशीला आला की त्याला एकतर चष्मा लागतो नाहीतर चेअरमनपद. यांना दोन्ही लागलं होतं. पांढरेशुभ्र कपडे, मागं कार्यकर्ते, पुढं हलगी. मालकांनी जहाजाच्या तोंडाला हार घातला आणि 'व्हीआयपी' अशी सोनेरी पाटी टांगली, म्हणजे चेअरमनसाहेबांच्या शेजारी भलतं कोणी बसायला नको. साहेब चढले. आणि मग मालक तात्यांच्या कानाशी लागले, "तात्या, जरा हळू घ्या. मोठा माणूस आहे."

तात्यांनी मालकांकडं असं बघितलं की ते बघणं मी फ्रेम करून लावलं असतं. "म्हंजी सौम्य का मालक?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. मालक म्हणाले, "श्शू!"

साहेबांना हळू दिली. साहेब वर जाताना हात हलवत होते, खाली येताना हात हलवत होते. जमलेल्या पब्लिकनं बघितलं की 'व्हीआयपी' पाटी लागली की जहाज असं डौलात चालतं. कार्यक्रम झाला, हार सुकला, पाटी काढायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडते तर समोर ही रांग. "ती व्हीआयपीवाली द्या." "साहेब बसले ती द्या." "आमच्या पाहुण्यांना व्हीआयपीच पाहिजे, साधी नको." ज्यांना सौम्य म्हटल्यावर घाम फुटत होता, ते व्हीआयपीसाठी हमरीतुमरीवर आले. जहाज तेच, टायर तोच, तात्या तेच. मी कपाळाला हात लावला.

मालकांनी काय करावं? व्हीआयपीचं तिकीट दुप्पट केलं आणि सगळ्यांना सांगायला लागले की ही आपली आयडिया. बटणाच्या मशीनचं नाव निघेना. मी तात्यांना म्हटलं, "वाचलात! आता पेढे द्या." तात्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. "कुणाला बसवायचं हुतं आन् कोण बसलं," ते म्हणाले. खरंच होतं. चपला सांभाळणाऱ्या बायका अजून चपलांजवळच होत्या. आधी त्यांना भीती वाटत होती, आता वर पाटी वाचून त्या म्हणायच्या, "आमी कुठल्या व्हीआयपी!"

सुट्टी संपत आली तेव्हा कोऱ्हाळ्याच्या बाया पुन्हा आल्या. पारूकाकूही आल्या आणि सवयीनं चपलांजवळ जाऊन बसल्या. त्याच दिवशी चेअरमनसाहेब पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन आले. साहेब मधल्या बाकावर, कार्यकर्ते आजूबाजूला, जहाजाचं मागचं टोक रिकामं. तात्यांनी दांडा सोडला. तरातरा चपलांच्या ढिगापाशी गेले. तिथं काकू होत्या आणि वेगवेगळ्या गावांच्या आणखी बायका होत्या, आपापल्या घोळक्याच्या चपला घेऊन बसलेल्या.

"उठा," तात्या म्हणाले. "समद्या उठा. चपला कुत्रं खाईना का तिकडं."

"अवो, पण ती साहेबांची हाय," काकू म्हणाल्या.

"जहाज लोखंडाचं हाय, साहेबांचं न्हाय. ऊठ पारू. मलाबी भ्या वाटतंय, मी हितं दांड्यापाशी हाय. तुला वाटलं तर नुसता हात वर कर, म्या थांबवतो."

काकू उठल्या. त्या उठल्या म्हणून बाकीच्या उठल्या. तात्यांनी त्यांना मागच्या बाकांवर बसवलं. एक कार्यकर्ता लगेच उभा राहिला, "ओ म्हातारं! ही व्हीआयपी फेरी आहे. बायकांना उतरवा." मालक लांबून धावत येत होते, खुणा करत होते. मी खिडकीला 'जेवणाची सुट्टी' पाटी लावली आणि बाहेर आले. तात्यांची नोकरी जाताना निदान कोणीतरी आपलं माणूस शेजारी असावं.

तात्यांनी आवाज चढवला नाही. दांड्यावर हात ठेवला आणि अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, व्हीआयपीत गर्दी वाटत असंल तर सांगा. साधी देतो की. फुल."

साहेबांनी दांड्याकडं बघितलं, मग पुण्याच्या पाहुण्यांकडं बघितलं. साहेबांच्या पायांकडं मी बघितलं, बोटं आखडलेली. मग साहेब मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "अरे बसू द्या, बसू द्या! आपल्याच माता-भगिनी आहेत. माझ्या जवळ बसू द्या!"

जहाज हललं. तात्यांनी टायर असा लावला जसा पाळण्याला हात लावतात. काकूंनी आधी डोळे घट्ट मिटले आणि पदर दातात धरला. एकदा पुढं, एकदा मागं. मग त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग पदर सुटला आणि काकू हसायला लागल्या, आणि शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर थापा मारत हसतच सुटल्या. तात्या खाली दांडा धरून उभे, तोंड वर, डोळ्यांतून पाणी. माझ्याही डोळ्यांतून. आता यात लपवण्यासारखं काय आहे? मी रडले.

उतरल्यावर मी विचारलं, "काकू, कसं वाटलं?" काकू धापा टाकत म्हणाल्या, "आगं मंगल, ऊस वरनं बघितला! त्या पलीकडचं रान बघितलंस का, कसं हिरवं सारवल्यावानी दिसतंय. जल्मभर खुरपलं, तोडला, बांधला, पर वरनं कदी बघितलाच नव्हता."

नोकरी काही गेली नाही. साहेबांचा आणि बायकांचा फोटो तासाभरात सगळ्या मोबाइलवर फिरला, खाली मजकूर, 'सर्वसामान्यांत रमणारे नेतृत्व'. त्या फोटोनंतर बायकांना उतरवायची मालकांची काय छाती होती? व्हीआयपी पाटी निघाली. तात्यांनी स्वतः उभं राहून पेंटरकडून नवी पाटी लिहून घेतली, 'हळू फेरी, सर्वांसाठी'. तिकीट साध्याएवढंच. बायका बसायला लागल्या आणि जहाजाखाली चपला बेवारस पडायला लागल्या. पुरुष अजूनही खिडकीत वाकून कुजबुजायचेच, "हळूची द्या, मिसेससाठी," पण निदान बसायचे.

तात्या गेले त्याला फार दिवस झाले नाहीत. छातीत दुखायला लागलं, बारामतीच्या दवाखान्यात नेलं. मी बघायला गेले तेव्हा डॉक्टर ऑपरेशनचं समजावत होते आणि तात्या विचारत होते, "डॉक्टरसायेब, यात हळूचं काय नसतंय का?" डॉक्टर हसले. तात्या हसले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "मंगल, लई भ्या वाटतंय गं." मी त्यांचा हात धरून बसले. दुसरं मी काय करणार होते? ऑपरेशनच्या आधीच पहाटे ते गेले. असा माणूस, ज्यानं एवढ्यांची काळजं जागेवर ठेवली, आणि त्याच्यासाठी कुठंच हळू नव्हती. मला अजून त्याचा राग येतो, कुणावर ते ठाऊक नाही.

दशक्रिया नीरेच्या काठी झाली. आमच्याकडं दशक्रियेला माइक लागतो. माणूस मेला की त्याच्यावर बोलायला इतके लोक तयार होतात की जिवंतपणी त्यातल्या अर्ध्यांनी जरी विचारपूस केली असती तरी तो वैतागून गेला असता. कावळा शिवून केव्हाच निघून गेला होता, भाषणं संपेपर्यंत थांबायला तो काही कार्यकर्ता नव्हता. चेअरमनसाहेबांनी माइक हातात घेतला. "संपततात्या म्हणजे निधड्या छातीचा माणूस. भीती हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. वादळाला अंगावर घेणारा कोऱ्हाळ्याचा वाघ." मी शेजारच्या बाईला विचारलं, "कुणाची दशक्रिया आहे हो?" ती म्हणाली, "गप गं."

मग मालक उठले. गॉगल काढून ते खरोखर डोळे पुसत होते, मी खोटं बोलणार नाही. ते म्हणाले, "या वाघाच्या स्मरणार्थ मी जाहीर करतो की उद्यापासून आपलं जहाज कायम फुल स्पीडनं चालेल. सौम्य नाही, हळू नाही. नवीन मशीन आणतोय. 'संपततात्या स्मृती महाथरार'!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. दशक्रियेला टाळ्या. एवढ्या मारामारीनं उभी राहिलेली एक फेरी, ती तात्यांच्याच नावानं बुडवायला निघाले होते, आणि तेही डोळे पुसत.

मी उठणार तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून पारूकाकू उठल्या. अशा ठिकाणी विधवा बाई माइककडं जात नाही. काकू गेल्या. मालकांना वाटलं, आभार मानायला येतायत, त्यांनी माइक पुढं केला.

"वाघ न्हवं," काकू म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मागच्यांनी पुढं वाकून ऐकलं. "माजा धनी लई भित्रा हुता. कोंबड्याला भ्यायचा. दवाखान्यातबी भ्याला. आन् त्यो भ्यायचा म्हणून त्याला आमी दिसलो. न्हायतर आमाला कोण बघतंय?" त्या थांबल्या. मग मालकांकडं वळल्या. "त्येच्या नावानं जोरात काय बी फिरवू नगा. हळूच ऱ्हाऊ द्या. मला यायचंय अजून."

मालकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर बायकांतून एक आवाज आला, "आमालाबी यायचंय." मग आणखी एक आला. पुरुष नदीच्या पाण्याकडं बघत होते. चेअरमनसाहेबांनी मालकांच्या हातातला माइक घेतला, तो तोंडापाशी नेला, घसा खाकरला. मला वाटलं, आता पुन्हा वाघ येणार. पण साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "हळूच राहू द्या मालक. मला पण... ती फुल मला सोसत नाही." आणि माइक ठेवून दिला. टाळ्या झाल्या नाहीत. कुणाच्या लक्षातच आलं नाही टाळ्या वाजवायचं.

मालकांनी मान हलवली.

काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझा हात धरला.

"लई भ्या वाटलं गं मंगल," त्या म्हणाल्या. "येवढी माणसं, त्यात त्यो माइक."

"मग बोललात कशा काकू?"

"हळूच बोलले की," काकू म्हणाल्या.